मदत हवी आहे : कवडी पाटची ही तुतारी (सँडपायपर, पाणकाठचा पक्षी) नक्की कोणती?

मंडळी, रविवारी भल्या पहाटे आईला घेऊन पुण्याजवळ मुळा-मुठा नदीकाठी कवडी पाटला पक्षी बघायला गेले होते. चक्रवाकांची जोडी, शेकाट्यांचा थवा, थापट्या, चित्रबलाक, सगळे मनसोक्त दिसले. पाण्यावरचा फेस आणि खडकांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पाहून मात्र जीव तुटतो. त्याच घाणीत ही पाखरं चोच घालतात.

अडलंय एका तुतारीपाशी. काठाच्या चिखलात एकटीच होती, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत. पाठ गडद तपकिरी, त्यावर बारीक पांढुरके ठिपके. भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या पुढेच संपत होती. उडाली तेव्हा शेपटीच्या वरचा भाग पांढराशुभ्र चमकला, म्हणजे साधी तुतारी बाद. भुवईवरून हिरवी तुतारी वाटते, कारण ठिपकेवाली तुतारीची भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. पण पाय मला ठिपकेवालीसारखे पिवळसर दिसले आणि तिथेच गाडी अडली. सकाळच्या तिरप्या उन्हात हिरवट पाय पिवळे दिसू शकतात का? पंखांची खालची बाजू हिरवीसारखी काळपट दिसली असती तर प्रश्नच मिटला असता, पण ती फोटोत आलेली नाही. आवाजावरून या दोघी कशा ओळखायच्या, तेही कुणी सांगा.

आणखी एक. आईचे गुडघे दुखतात, पण तिला भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) बघायचेच आहेत. तिथे नावेत चढता-उतरताना कितपत त्रास होतो? नुकतंच कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर जरूर कळवा.