रस्त्यावर निर्वासित कुटुंबं आली आहेत, शेजारी विरोधाच्या सह्या गोळा करतायत. काय करू? (गुरुवारच्या आत उत्तर हवंय)

सायली_र
आमच्या रस्त्याच्या टोकाला कार्यालयाची इमारत बंद पडून होती, तिथे निर्वासित कुटुंबं राहायला आलीत. नगरपालिकेचं एक पत्र आलं आणि लगेच एका सकाळी बस उभी. तेव्हापासून सगळी गल्ली दबक्या आवाजात बोलतेय. शेजारचे आजोबा विरोधाचा कागद घेऊन दारोदार फिरतायत. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा ह्याच माणसाने आमचं कपाट जिन्यावरून वर चढवून दिलं होतं. त्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही, आणि सही तर मला करायचीच नाही. नवरा म्हणतो, अर्ज चालू आहे, ह्यात पडू नकोस. मी कपड्यांची पिशवी घेऊन गेले तर गेटवरूनच परत पाठवलं. गुरुवारी बैठक आहे. काय बोलू, काय करू? 'मनाचं ऐक' छापाचे सल्ले कृपया नकोत.

मैथिली.के
देश कोणता? कुटुंबं कुठून आलीत? अर्ज कसला? बैठक कोणी बोलावली आहे? आणि त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सायली_र
धागा जर्मनी विभागातच काढलाय ना! अर्ज नागरिकत्वाचा. बैठक नगरपालिकेची. कुटुंबं सीरिया, अफगाणिस्तानची, काही युक्रेनची. एक मुलगी माझ्या लेकीच्या वर्गात आलीय, तिच्याच बाकावर बसते.

उमेश_प
मी असतो तर सही केली असती. २०१५ साली आमच्या गावातल्या क्रीडागृहात खाटा टाकल्या. मुलांचे खेळ बंद, आणि कधीपर्यंत ते कोणी सांगेना. त्या वर्षात साधारण ८ लाख ९० हजार माणसं देशात आली. छोट्या गावाने कुठे कुठे पुरं पडायचं? तुमचे आजोबा काही दुष्ट नाहीत. त्यांना कोणी विचारलं नाही, हा त्यांचा राग आहे. त्याला लगेच द्वेष म्हणू नका.

रेवा_मु
उमेश, राग समजतो, पण त्या सहीने होणार काय? कोणत्या राज्यात किती जण पाठवायचे ते 'क्योनिगश्टाइनर श्ल्युसेल' ह्या सूत्राने ठरतं: दोन तृतीयांश वजन करउत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. राज्य पुढे जिल्ह्यांना वाटून देतं. नगरपालिकेला 'आमच्याकडे नकोत' म्हणायची सोयच नाही. अशा निवासांसाठी बांधकाम कायद्यातही सवलती आहेत. 'रिकामं करा' म्हणून शंभर सह्या दिल्या तरी त्या फायलीत जातील.

सायली, कपड्यांचं म्हणशील तर गेटवर पिशव्या नेऊ नकोस. बहुतेक ठिकाणी कपडे गरजेपेक्षा जास्त जमतात आणि त्यांची वर्गवारी करायला माणूस नसतो. तिथल्या समाजसेविकेची वेळ विचारून घे. मी अशाच एका निवासात मदतीला जाते. तिथे लागतं ते सोबतीला माणूस. डॉक्टरकडे, शाळेत, कचेरीत. आणि पत्रं वाचायला! पिवळं पाकीट दिसलं की सगळं बाजूला ठेवायचं. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. आश्रयाचा अर्ज फेटाळला असेल तर दाद मागायला बहुतेकदा दोन आठवडे मिळतात, काही प्रकरणांत एकच. आमच्याकडे एका बाईंनी आतलं पत्र जपून ठेवलं होतं आणि पाकीट फेकून दिलं होतं. ती तारीख सिद्ध करता करता वकिलाच्या नाकी नऊ आले.

नाना_कल्याण
सायलीताई, आपल्याकडे हे होऊन गेलंय. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ठेवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या छावण्या त्या, कल्याण कॅम्प म्हणायचे. १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. आमचे वडील सांगायचे, सुरुवातीला स्थानिक माणसं त्या बाजूला फिरकत नसत. पुढे सगळा कल्याण तिथेच खरेदीला जायला लागला.

शार्दूल८
नाना, तुलनाच चुकतेय. ते आपलेच लोक होते, फाळणीत आलेले. आणि भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर आजही सही केलेली नाही. का नाही केली ह्याचा विचार करा.

नाना_कल्याण
सही नव्हती तरी १९५९ पासून तिबेटी आले, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. त्यांना जागा दिलीच की आपण! आणि 'आपलेच' हे आता म्हणतो. तेव्हा बराकीतल्या माणसाला कोणी आपलं म्हणत नव्हतं.

शार्दूल८
१९७१ चे बहुतेक लोक परत गेले, ते का सांगत नाही?

मैथिली.के
तुम्ही दोघे वेगळा धागा काढा ना. तिला गुरुवारी बोलायचंय.

पराग_म्युनिक
नागरिकत्वाच्या परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास. एकूण ३१० प्रश्नांचा संच आहे, त्यातूनच येतात. रोज थोडे थोडे सोडवा.

सायली_र
परीक्षा पास झालेय मी! सही केली किंवा नाही केली तर अर्जावर परिणाम होतो का, एवढंच कोणीतरी सांगा.

मैथिली.के
नाही. इथल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने मागणीअर्ज करायचा हक्क प्रत्येकाला आहे, नागरिक नसलात तरी. सही न केल्याचा तर प्रश्नच येत नाही. मात्र कुठल्याही कागदावर नाव घालण्याआधी मजकूर पूर्ण वाचा. धर्मावरून, वंशावरून काही लिहिलेलं असेल तर त्याखाली तुमचं नाव अजिबात नको. मी मघाशीच विचारलं होतं, काय लिहिलंय त्यावर?

सायली_र
आत्ता फोटो मागवला. वर छापलंय, 'इमारत तातडीने रिकामी करावी.' धर्माबिर्माचं काही नाही. पण खाली समासात पेनाने कोणीतरी लिहिलंय: रस्त्याच्या टोकाला रात्री दिवा नाही, बस तासाला एकच, शाळेत जादा शिक्षक नाही. अक्षर आजोबांचं वाटतंय.

आणखी एक. समोरच्या आजींनी सही नाकारली. त्या लहानपणी, महायुद्धानंतर, श्लेझियातून (तेव्हा जर्मनीचा पूर्वेकडचा भाग, आता बहुतेक पोलंडमध्ये) आईबरोबर हाकलून लावलेल्या. त्यांना एका शेतकऱ्याच्या घरात खोली दिली होती आणि घरातली माणसं त्यांच्यासमोर दार आपटून लावायची. आता आजी आणि आजोबा एकमेकांशी बोलत नाहीत. मला ह्याचा जास्त त्रास होतोय.

नाना_कल्याण
महायुद्धानंतर असे सव्वा कोटीच्या आसपास जर्मन पूर्वेकडून आले. म्हणजे जर्मनांनी जर्मनांना दारं आपटली! शार्दूल, 'आपलेच' चा हिशोब बघा.

रेवा_मु
सायली, समासातलं वाच परत. ह्या तिन्ही मागण्या आलेल्या कुटुंबांच्याही आहेत. दिवा, बस, शिक्षक. आणि ह्या गोष्टी नगरपालिका करू किंवा करवून घेऊ शकते. आजोबांना सांग, वरच्या ओळीवर सही करणार नाही, पण ह्या तीन मुद्द्यांचा वेगळा कागद केलात तर पहिली सही माझी. तोंडावर नाही म्हणायला नको आणि खोटंही बोलायला नको.

उमेश_प
हे मान्य. पण त्या कागदावर आणखी एक मुद्दा हवाच: एकूण किती माणसं येणार आणि किती वर्षांसाठी. आकडा लपवला की अफवा उठतात. आमच्याकडे तेच झालं.

रेवा_मु
हवाच. आणि पूर्णवेळ समाजसेविका आहे का, तेही विचारा. आत सगळ्यांना एकच नियम नाही, हेही बैठकीत कोणीतरी सांगायला हवं. युक्रेनच्या लोकांना मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने तात्पुरतं संरक्षण दिलं, त्यांना आश्रयाच्या निकालाची वाट न बघता काम करता येतं. बाकीच्यांना पहिले तीन महिने तरी कामाची बंदी असते, पुढेही परवानगी मागावी लागते. मग 'हे दिवसभर नुसते बसून असतात' म्हणणारे भेटतातच. बसायला कायद्याने लावलंय.

शार्दूल८
मग एकाच इमारतीत दोन नियम, हे तरी बरोबर आहे का?

रेवा_मु
नाही. हे मी तिथल्या कचेरीतही बोलले आहे.

सायली_र
आजोबांकडे जाऊन आले. वरची ओळ ते काढणार नाहीत म्हणाले. पण दुसरा कागद करायला तयार झाले, दिव्याचं तर मला हाताला धरून टोकापर्यंत नेऊन दाखवलं. गेटवर समाजसेविकेची वेळ लिहून घेतली. मोठ्यांच्या भाषावर्गाच्या वेळेत लहान मुलांना सांभाळायला कोणी नाही, म्हणून आया वर्गाला जातच नाहीत. ते मी करू शकते. आजींनाही विचारते, त्यांना घरी वेळ जात नाही. नवऱ्याला मैथिलीचा प्रतिसाद वाचायला दिलाय. बैठकीत मात्र एवढ्या लोकांसमोर जर्मनमध्ये बोलायचं म्हणजे जीव घाबराघुबरा होतो.

उमेश_प
बोलू नका मग. प्रश्न लेखी द्या, बैठकीच्या आधी पोचतील असे, आणि इतिवृत्तात घ्यावेत असं वरच लिहा. लेखी असलं की उत्तर टाळणं त्यांना अवघड जातं. मसुदा इथे टाका, मी जर्मन तपासून देतो.