मदत हवी आहे: टॅरंटुलाच्या (पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या) पेटीत आर्द्रता टिकत नाही!

रेवा_शिकागो:
दोन आठवडे झाले, काही सुचत नाहीये. थंडीमुळे घरात हीटर चोवीस तास चालू. पेटीतला मापक ३५ टक्क्यांच्या वर जातच नाही. दुकानदार म्हणाला ७० हवी. दिवसातून तीनदा पाणी फवारते, संध्याकाळी परत तेच. आता तर ती काचेलाच चिकटून बसलीय. प्लीज लवकर सांगा.

घाटवाट:
जात कोणती? झाकण कसलं? खाली काय घातलंय?

पाणकोंबडी:
खोलीत ह्युमिडिफायर लावा. माझ्या इग्वानाला दोन वर्षं तोच आहे.

अनुस्वार:
इग्वानाचं कोळ्याला कसं चालेल? ओल आणि कोंदट हवा एकत्र आली की बुरशी धरते.

मनोहरकाका:
आठवड्याला एक रातकिडा पुरे. जास्त घालू नये.

रेवा_शिकागो:
काका, खाण्याचं नाही विचारलं हो. मेक्सिकन रेड नी आहे. जाळीचं झाकण, खाली कोकोपीट.

अनुस्वार:
हे आधी सांगायचं ना! ती मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या कोरड्या पानझडी जंगलातली. ओल्या मातीवर पाय टेकवायला नको म्हणूनच काचेवर चढलीय. फवारणी आजच बंद करा. पाण्याची वाटी कायम भरलेली ठेवा, स्पंज नको. फार वाटलं तर एका कोपऱ्यात काचेच्या कडेने थोडं पाणी सोडा, म्हणजे ओल तळाशी राहील. आणि जाळी बदला, तिच्यात नख्या अडकतात. उंचावरून पडली तर पोट फुटतं.

पाणकोंबडी:
मित्राच्या गोलायथ टॅरंटुलाची माती कायम ओली असते, मस्त जगतेय.

अनुस्वार:
ती वर्षावनातली. म्हणूनच तर जात विचारतात.

सह्यकडा:
आपल्याकडे सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत पोसिलोथेरिया गटातले टॅरंटुला असतात. कुणी पकडून आणू नका, २०१९ पासून साइटस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत.

घाटवाट:
रेवा, खाते का ती?

रेवा_शिकागो:
तीन आठवडे रातकिड्याला तोंड लावलं नाही. पोटावरचा टकलाचा भाग काळा पडलाय.

घाटवाट:
मग कात टाकायची वेळ आलीय. पेटीतला रातकिडा काढा, मऊ अंगाला तो चावतो. पाठीवर उताणी दिसली तर मेली समजून हात लावू नका, तशीच कात टाकतात.

रेवा_शिकागो (चार दिवसांनी):
वरचं कोकोपीट वाळून फिकं झालंय. काल रात्री खाली उतरली आणि वाटीच्या काठावर वाकून कितीतरी वेळ पाणी पीत होती. मापक ३२ दाखवत होता. काढून ठेवला.