'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणून पाळक प्रश्नच थांबवत असतील तर?

तापीकाठ:
जय ख्रिस्त. आपल्या खान्देशातल्या नव्या फेलोशिपांत, म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांत, एक पद्धत पडत चालली आहे. वचन एकदा वाचायचं, मग तासभर 'प्रभूनं मला दाखवलं'. कोणी प्रश्न विचारला की बायबलातलं स्तोत्र १०५:१५, म्हणजे 'अभिषिक्ताला हात लावू नका', तोंडावर. हे यूट्यूबवरून उचललेलं आहे ते कळतंय. पण ते वचन खरंच असं सांगतं का? आणि वडीलमंडळानं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांनी, भांडण न करता काय करावं?

सातपुडा_पायथा:
नाही सांगत. त्याच स्तोत्रात जरा वर, १२ पासून वाचा. परक्या मुलखात भटकणारी मूठभर माणसं, म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. त्यांच्यासाठी देव राजांना दटावतो. पाळकाच्या खुर्चीचा तिथं संबंध नाही.

दुसरं हत्यार म्हणजे १ शमुवेल २४. दावीदानं अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही, खरं. पण त्याच अध्यायात ८ ते १५ मध्ये तो मोठ्यानं हाक मारून राजाला जाब विचारतो. हा भाग व्यासपीठावरून कोण वाचतं? पौलानंही पेत्राला सर्वांसमोर सुनावलंच की (गलती २:११-१४).

आणि 'प्रभूनं सांगितलं' म्हटलं म्हणजे तपासणी संपली असं नाही. यिर्मया २८ मध्ये खोटा संदेष्टा हनन्या अगदी हेच म्हणत बाबेलच्या जोखडातून दोन वर्षांत सुटका सांगतो. पुढच्या अध्यायात यिर्मया सत्तर वर्षं सांगतो, आणि २९:११ चं 'तुमच्या हिताचे संकल्प' हे त्याच सत्तर वर्षांच्या पाठीला लागून येतं. नोकरी-लग्नाच्या स्टेटसवर फक्त ११ टाकतात, १० गाळतात. लोकांना गोड वाटायचा तो हनन्या, हे विसरू नका.

नवापूरकर:
तापीकाठ भाऊ, वडिलांनी आधी एवढंच मागा: रविवारचा उतारा गुरुवारपर्यंत कळवा. सुटं वचन नको, पूर्ण उतारा, दहा-पंधरा वचनांचा. घरी वाचून आलेली माणसं समोर असली की संदर्भ सोडून बोलणं अवघड जातं. उपासनेनंतर वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. १ करिंथ १४:२९ मध्ये बाकीच्यांनी पारख करावी असं स्पष्ट आहे.

आमच्या नवापूर-चिंचपाडा पट्ट्यात आणखी एक घोळ होतो. पाहुणा सेवक हिंदीत बोलतो, शेजारचा दुभाष्या ते मावचीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत, सांगतो. 'देव बरं करू शकतो' चं तोंडातल्या तोंडात 'देव बरं करेलच' होतं, आणि आजारी माणूस तेच घेऊन घरी जातो. दुभाष्याला मुद्दे आधी लिहून द्या. चाळीस मिनिटांत अर्धा वेळ भाषांतराचा, म्हणून मुद्दे दोनच ठेवा.

औषधाबद्दल मात्र तडजोड नको. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. सिकलसेलची औषधंही प्रार्थनेनंतर बंद करायची नसतात. सापाच्या दंशावर उपचार थांबवून मंत्र-तंत्र करणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

दादरची_भाकर:
उपदेशावरचे प्रश्न वेगळे, वागण्यावरची तक्रार वेगळी. ती १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे दोन-तीन साक्षीदारांसह, लेखी, वडीलमंडळाकडे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. तिथं टाकली की दुसऱ्या दिवशी विषय पाळकांचा राहत नाही, तुमच्या 'बंडखोरपणाचा' होतो.

पैशाचं सांगतो. दानाची पेटी दोघांनी मिळून मोजायची, वहीत दोघांच्या सह्या, बँकेत दोन सह्यांचं खातं. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौल हीच काळजी घेतो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेबाचं ऑडिटही असतं.

तापीकाठ:
आमच्याकडे विश्वस्त तीन. पाळक, त्यांची पत्नी, शालक.

दादरची_भाकर:
मग पारख करणार कोण? आधी न्यासाची योजना किंवा घटना काढा, त्यात विश्वस्त नेमायचा अधिकार कोणाला दिलाय ते पाहा. मंडळीच्या सभेला असेल तर पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत बाहेरचे दोन वडील घ्यायचा ठराव टाका. नोटीस लेखीच हवी, आणि पोचपावती घ्या.