माल्कम यंगसाठी वाजवताना जाड तारा हव्यातच का?

खर्जातला:
एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक माल्कम यंग १८ नोव्हेंबर २०१७ ला गेला. त्याच्या स्मृतिदिनी मुंबईत त्याच्यासाठी वाजवायचं, तर तारा त्याच्यासारख्याच जाड हव्यात. एसी/डीसी उभी आहे ती डाव्या स्पीकरमधल्या त्याच्या ऱ्हिदमवर, म्हणजे कॉर्डच्या ठेक्यावर. ग्रेट्श गिटारवर त्याने फक्त ब्रिजचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक, ब्रिजजवळचं) ठेवला होता, बाकीचे काढून टाकले. तारांचा संच १२ चा (सर्वात बारीक तार इंचाच्या हजाराव्या १२ भागांइतकी जाड), मार्शल अँप, गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) अगदी कमी. कॉर्ड हलका मारला की आवाज स्वच्छ, जोरात मारला की फाटतो. हा जोर ९ च्या तारांना झेपत नाही. फटक्यासरशी तार सुरापेक्षा वर चढते नि कॉर्ड बेसूर होतो.

पावसाळी लाकूड:
साफ असहमत. आपल्याकडच्या बहुतेक गिटारींचा नट (खुंट्यांजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ९ किंवा १० साठी कापलेला असतो. १२ ची तार खाचेत अडकते, खुंटी पिळताना टक् करून सुटते आणि सूर पुढे निघून जातो. खाच फाईलने रुंद करावी लागते. चुकून खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खणखणते, मग नट बदलण्यावाचून इलाज नाही. ताण वाढल्याने नेक पुढे वाकतो तो वेगळाच. तो सरळ करायचा आतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा. त्यात इथल्या पावसाळी दमटपणाने नेक पुन्हा हलतो. एवढं करण्यापेक्षा १० च्या तारा, जाड पिक आणि गिटारचा व्हॉल्यूम ७ वर. माल्कम खरा ऐकू येतो तो दोन कॉर्डमधल्या शांततेत. डाव्या हाताची पकड सैल करून, उजवा तळवा टेकवून सगळ्या तारा एकदम गप्प करता आल्या पाहिजेत.

खर्जातला:
शांततेचं शंभर टक्के खरं. पण त्याची तिसरी तार गुंडाळलेली (वरून बारीक तारेचे वेढे दिलेली) असायची, ते तुम्ही सोडलंत. ई कॉर्डचा गांधार नेमका त्याच तारेवर, पहिल्या फ्रेटला. तिथे साधी तार जरा जास्त दाबली की चढते, आणि फाटक्या आवाजात ते लगेच कानाला टोचतं.

अंधेरी लोकल:
तारांवरून भांडताय, पण घोळ गेनचा आहे. आपल्याकडे बँडमधले दोन्ही गिटारवादक गेन ८ वर ठेवतात आणि तालमीच्या छोट्या खोलीत नुसता चिखल होतो. ऱ्हिदमवाल्याने ३-४ वर यावं, ट्रेबल थोडा वाढवावा.

पावसाळी लाकूड:
गांधाराचं पटलं. मग ११ चा संच घ्या, तिसरी गुंडाळलेली बघून. पण आधी नट, मग तारा. आणि माल्कमने काढले म्हणून पिकअप उपटू नका, स्विच ब्रिजवर ठेवा.