‘प्रॉम्प्ट’ला मराठीत काय म्हणावं: आज्ञा, सूचना की वर्णन?

नौपाड्याहून:
नमस्कार मंडळी. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या फलकासाठी आमच्या सोसायटीतल्या मुली एआयकडून चित्रं करून घेताहेत. त्यांच्यासाठी मराठीत पानभर टिपण लिहितेय. ‘प्रॉम्प्ट’ला, म्हणजे चित्रासाठी एआयला आपण जो मजकूर लिहून देतो त्याला, मी ‘आज्ञा’ लिहिलंय, एका काकांनी ‘सूचना’ सुचवलं. कोणता शब्द घ्यावा? शिवाय एक अडचण आहे. ‘सुंदर, मंगल गुढी काढ’ असं लिहिलं की झेंडाच येतो.

नेरूळहून:
ताई, तुमची अडचण त्या शब्दातूनच आली आहे. ‘आज्ञा’ म्हटलं की माणूस हुकूम सोडून मोकळा होतो. ही यंत्रं शिकली आहेत ती चित्र आणि त्याच्यासोबतचा मजकूर अशा जोड्यांवरून. २०२२ साली आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय अशाच कोट्यवधी जोड्यांवर घडलं, आणि तो मजकूर मुख्यतः इंग्रजी होता. फोटोखाली कुणी ‘छान फोटो काढ’ असं लिहीत नाही, फोटोत जे दिसतं ते लिहितं. म्हणून ‘वर्णन’ किंवा ‘चित्रवर्णन’ हाच शब्द घ्या. मुलींनी तो शब्द वाचला तरी त्यांचं लिहिणं बदलेल.

‘मंगल’ डोळ्यांना दिसत नाही. ‘गुढी’ दिसते, पण यंत्राला ती ओळखीची असेलच असं नाही. तेव्हा गुढी उलगडून लिहा: उंच बांबूच्या टोकाला चुण्या घातलेलं हिरवं जरीचं वस्त्र, त्यावर उपडा घातलेला चकचकीत तांब्या, बाजूला कडुनिंबाची डहाळी, झेंडूचा हार, पांढऱ्या-गुलाबी साखरेच्या गाठी. ‘नऊवारी’चंही तसंच. नुसती साडी लिहिलीत तर पायघोळ गोल साडी येण्याचीच शक्यता जास्त, म्हणून काष्टा मागे खोचलेला आहे हे सांगायलाच हवं.

आणि उजेड! आपल्याकडे त्यासाठी किती नेमके शब्द आहेत: कोवळं ऊन, तिरीप, कवडसा, मळभ, तिन्हीसांजा. पण यंत्राला द्यायचे तर प्रत्येकाची फोड करावी लागते. ‘तलावपाळीवरची सकाळ’ असं न लिहिता ‘सूर्य नुकताच वर आलाय, ऊन डावीकडून तिरपं पडतंय, पाण्यावर पिवळसर चकाकी, काठाला बांधलेल्या नावा, आपण कठड्याच्या उंचीवरून पाहतोय’ असं लिहा. कुठून पाहतोय हे तर बहुतेक जण विसरतातच. मला ही फोड करणं मनापासून आवडतं. रोज वापरातल्या शब्दात काय काय साठलंय ते त्या निमित्ताने कळतं.

वाशीहून:
‘आज्ञा’ नको, याला माझाही पाठिंबा. गडकरी रंगायतनच्या विंगेत उभा राहणारा प्रॉम्प्टर नटाला हुकूम देत नाही, पुढचं वाक्य पुरवतो. पण सर, ‘सूचना’ अगदी बाद करू नका. गप्पांसारखं बोलून चित्र करून घेता येतं अशा नव्या साधनांत पहिलं चित्र आल्यावर आपण ‘मागची गर्दी कमी कर, साडी जांभळी कर’ असं सांगतो. ते वर्णन नव्हे, सूचनाच.

नेरूळहून:
बरोबर आहे. नव्या चित्रासाठी वर्णन, दुरुस्तीसाठी सूचना. टिपणात दोन्ही शब्द राहू द्या. एक जपायला हवं: स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या एका वेळी ७७ टोकनंच वाचतात, म्हणजे मजकुराचे तेवढेच तुकडे. देवनागरी अक्षरांचे तुकडे फार पडतात, त्यामुळे मराठी वर्णन अर्ध्यातच कापलं जातं. तिथे मराठीत विचार करून थोडक्यात इंग्रजीत उतरवलेलं बरं. आणि काही झालं तरी गुढी आधी लिहा, आकाश शेवटी.

नौपाड्याहून:
दोघांचेही आभार. ‘निगेटिव्ह प्रॉम्प्ट’ला, म्हणजे चित्रात काय नको ते सांगणाऱ्या मजकुराला, काय म्हणू? ‘नकारात्मक वर्णन’ कानाला बरं लागत नाही.

वाशीहून:
‘वगळणूक’ म्हणता येईल, पण मुलींसाठी ‘नकोची यादी’ सोपं. मुख्य वर्णनात ‘झेंडा नको’ असं लिहू नका. ‘नको’ पुष्कळदा निसटतं आणि झेंडा तेवढा उरतो. स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनांत यादीचा रकाना वेगळा असतो. तिथे फक्त ‘झेंडा’ लिहायचं, पुढे ‘नको’ जोडायचं नाही, कारण तो रकानाच नकोचा आहे.