ओटीचे एएचयू रात्री बंद करावेत का? आणि उन्हाळ्यात बॉयलर कशासाठी?

प्रश्न : देखभाल_विभाग
२०० खाटांचं रुग्णालय, ६ ओटी (ऑपरेशन थिएटर), प्रत्येकीला स्वतंत्र एएचयू (हवा गाळून, थंड करून पुरवणारं यंत्र). सगळे २४ तास पूर्ण वेगाने चालतात, पण रात्री ९ ते सकाळी ७ पाच ओटी रिकाम्याच असतात. सहावी तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी राखीव. व्यवस्थापन म्हणतं रात्री बंद करा, संसर्ग नियंत्रण समिती म्हणते हात लावू नका. शिवाय चिलरचं (एएचयूसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) पाणी ७ वरून ९ अंशांवर न्यायचं आणि नवा चिलर घ्यायचा, असाही प्रस्ताव आहे. भर उन्हाळ्यात बॉयलर चालतो तो वेगळाच. सुरुवात कुठून करू?

डक्टवाला
बंद नको, वेग उतरवा. समितीची भीती खरी आहे. एएचयू थांबला की ओटीतला धन दाब (बाहेरच्यापेक्षा जास्त दाब) जातो आणि कॉरिडॉरची हवा दाराच्या फटीतून आत येते. पण रिकाम्या ओटीला तासाला २० हवाबदल (खोलीभर हवा २० वेळा बदलणं) लागत नाहीत. ॲश्रे १७० या रुग्णालयांच्या वायुवीजनाच्या मानकात रिकाम्या वेळी ते कमी करायची मुभा आहे. अट एवढीच, की दाबाची दिशा बदलता कामा नये आणि लागेल तेव्हा पूर्ण प्रवाह परत मिळाला पाहिजे.

घोळ होतो तो इथे. ओटी ६×६×३ मीटर धरा, म्हणजे १०८ घनमीटर. २० हवाबदलांना तासाला २१६० घनमीटर पुरवठा. रिटर्न (ओटीतून एएचयूकडे परत जाणारी हवा) १५ टक्के कमी ठेवला, तर ३२४ घनमीटर हवा फटींतून बाहेर जाते. त्यावर समजा १० पास्कल दाब मिळतो. आता पुरवठा आणि रिटर्न दोन्ही ४० टक्क्यांवर आणले, की पुरवठा ८६४ आणि फरक जेमतेम १३०. फटी तेवढ्याच राहतात, दाब मात्र प्रवाहाच्या वर्गाने पडतो: १० चे १.६ पास्कल. किमान २.५ पास्कल लागतात. म्हणून फरक टक्क्यांत न ठेवता घनमीटरमध्ये कायम ठेवा: पुरवठा ८६४, रिटर्न ५४०. ताजी हवाही ३२४ च्या खाली जाऊ देऊ नका. पंखा मंदावला की जागच्या जागी असलेल्या डॅम्परमधून (डक्टमधल्या हवा अडवणाऱ्या झडपेतून) ती आपोआप घटते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तेव्हा नुसता व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) पुरत नाही, दोन्ही डॅम्पर मोटरवाले लागतात.

४० टक्के प्रवाहाला पंख्याची वीज गणिताने ६ टक्के येते. मोटर आणि व्हीएफडीचं नुकसान धरून १० ते १५ टक्के धरा. तापमान चढलं तरी चालेल, आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर नको.

कॉइल_आणि_व्हॉल्व्ह
बॉयलरचं उत्तर : रिहीट. ओलावा काढायला हवा १३ अंशांपर्यंत थंड करायची, मग १८ पर्यंत पुन्हा तापवायची. वरच्याच ओटीचा हिशोब करा. २१६० घनमीटर म्हणजे दर अंशाला साधारण ०.७२ किलोवॉट. ५ अंशांना ३.६ किलोवॉट उष्णता, आणि तेवढंच थंड करणं वाया. प्रवाह ४० टक्के केला की हेही ४० टक्क्यांवर येतं, त्यामुळे डक्टवाला म्हणतात तेच आधी करा.

त्यानंतर गळके व्हॉल्व्ह शोधा. बीएमएसवरून (इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणक प्रणालीवरून) रिहीट व्हॉल्व्ह ० टक्के करा, १५ मिनिटं थांबा, कॉइलच्या (ज्यावरून हवा वाहते त्या पाण्याच्या नळ्यांच्या) आधीचं आणि नंतरचं हवेचं तापमान बघा. अंशभराहून जास्त फरक म्हणजे गरम पाणी झिरपतंय. स्क्रीनवर व्हॉल्व्ह बंद दिसतो, पण ती फक्त आज्ञा असते. सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागी) कचरा अडकलेला असतो किंवा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या ॲक्च्युएटरची कपलिंग सैल झालेली असते.

रिहीटला ४५ अंशांचं पाणी बहुधा पुरतं, ८० कशाला? तेवढी उष्णता चिलरच्या कंडेन्सरकडून (चिलर जिथे उष्णता बाहेर टाकतो त्या भागाकडून) मिळू शकते. नळाच्या गरम पाण्याची टाकी मात्र ६० च्या खाली नको, लेजिओनेला या जिवाणूचा धोका असतो.

प्लांटरूम
९ अंश सरसकट करू नका. ओटीच्या कॉइलमध्ये ओलावा निघणार नाही, आर्द्रता चढेल, मग आतून तापमान कमी करा म्हणून फोन येतील. वॉर्डांचा थंड पाण्याचा लूप वेगळा असेल तर तिथे खुशाल करा.

नवा चिलर म्हणजे आधी कळस मग पाया. आत्ता जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात किती अंशांचा फरक मिळतो ते बघा. डिझाइन ६ चं असून ३ मिळत असेल, तर तेवढ्याच भाराला दुप्पट पाणी फिरवावं लागतं. मग दोन्ही चिलर ४५ टक्क्यांवर रखडत चालतात, दुसरा केवळ प्रवाहासाठी. कारणं ठरलेली: बायपास उघडा असलेले (कॉइलला टाळून थंड पाणी तसंच परत सोडणारे) थ्री-वे व्हॉल्व्ह, धुळीने भरलेले कॉइल.

देखभाल_विभाग
धन्यवाद. ओटी ३ चा रिहीट व्हॉल्व्ह बंद करून बघितला : आधी १३.१, नंतर १६.४. गळतीच ना?

कॉइल_आणि_व्हॉल्व्ह
इतक्यात नाही. पहिला सेन्सर पंख्याच्या आधी असेल, तर पंख्याचीच उष्णता अंश-दीड अंश असते. कॉइलचा हाताने फिरवायचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा वाचा. फरक दीडवर आला तर उरलेली गळती, व्हॉल्व्ह उघडून सीट साफ करा. ३.३ तसाच राहिला तर आधी दोन्ही सेन्सर एकाच थर्मामीटरशी ताडून बघा.