लग्नाचा चौक: विधी की कला?

प्रश्न: डहाणूकडे आम्हा वारल्यांच्या लग्नात सवासिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, मधोमध पालघट देवी. लग्नानंतर तो कुणी जपत नाही. तेच कागदावर आलं की ‘कला’ म्हणतात. मग भिंतीवरचं काय?

उत्तर १: तीही कलाच! ठेचलेल्या बांबूच्या काडीने दोन त्रिकोण टोकाला टोक जुळवून काढले, की माणूस वाकतो, नाचतो. हात बसल्याशिवाय हे येत नाही.

उत्तर २: माझं मत वेगळं. चौक देवीसाठी, बघणाऱ्यांसाठी नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) कागदावर रोजचं जगणं रंगवू लागले, तेव्हा काय काढायचं हे चित्रकार ठरवू लागला.

प्रश्नकर्ती: दादा, ठरवायची तर माझी आजीही. देवीभोवतीची नक्षी ती प्रत्येक घरी वेगळी काढायची, आणि बायका मुद्दाम बघायला यायच्या.